खाडीच्या पुलावर थांबलेली गाडी

ताई,

मी ३४ वर्षांची आहे. वसईला राहते, लोअर परळला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. अकरा वर्षं लोकलने जाते-येते, गर्दीचं मला कधी काही वाटलं नाही. जानेवारीत एका सकाळी नायगाव सुटलं आणि गाडी खाडीच्या पुलावर थांबली. पाच-सात मिनिटं झाली असतील. एकदम छातीत धडधडायला लागलं, श्वास पुरेना, तोंडाभोवती मुंग्या आल्या आणि हाताची बोटं आत वळून लाकडासारखी झाली. वाटलं, संपलं सगळं. बायका 'खोल श्वास घे, खोल श्वास घे' म्हणत होत्या, तसं आणखीच वाढलं. भाईंदरला त्यांनी मला उतरवलं. हॉस्पिटलात ईसीजी काढला, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. 'गॅस असेल, टेन्शन घेऊ नका' म्हणाले. नंतर टूडी एको केला, तोही चांगला आला.

पुढे असं आणखी तीनदा झालं. एकदा मीरा रोडला, एकदा मॉलमध्ये बिलाच्या रांगेत, एकदा तर रात्री दोनला, गाढ झोपेतून. पास फेब्रुवारीत संपला, तो काढलाच नाही. आठवड्यातून दोनदा दीर हायवेने गाडीतून सोडतात, बाकी दिवस घरून काम. आता पुढच्या महिन्यापासून पाचही दिवस ऑफिसला या म्हणतायत. नवरा म्हणतो, तू विचार फार करतेस. सासूबाई दर शनिवारी दृष्ट काढतात. केमिस्टने एक गोळी दिलीय, अर्धी घेतली की बरं वाटतं, ती पर्समध्ये कायम असते. ताई, मला वेड लागत चाललंय का? माझी मुलगी पाच वर्षांची आहे.

– खाडीअलीकडची एक

* * *

तू मला ताई म्हटलंस, तेव्हा मी सरळ अगं-तुगंच करते.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो विचारायला तुला पत्राच्या तळाशी जावं लागलं. नाही, तुला वेड लागत नाहीये. तुला जे होतंय त्याला पॅनिक अटॅक म्हणतात, आणि तो वाढत वाढत वेडापर्यंत जात नाही, ते दोन रस्ते पुढे कुठे मिळत नाहीत. तुला कुणी येरवड्याला किंवा ठाण्याला नेणार नाही. (हे लिहिताना मला दर वेळी वाईट वाटतं. दोन्हीकडे ओपीडी चालते, माणसं औषधं घेऊन संध्याकाळी घरी जातात, पण आपल्या बोलण्यात ती दोन नावं अजून धमकी म्हणूनच येतात.)

आता पुलावर काय झालं ते बघू. आणि बोटांपासून सुरुवात करू, कारण तुला सगळ्यात जास्त त्यांनी घाबरवलंय असं दिसतं. माणूस घाबरला की भराभर श्वास घेतो. गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर झाली की शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. तो टाकाऊ वायू म्हणून आपण शाळेत शिकलो, पण रक्ताचं रसायन ठरावीक रेषेत ठेवायला तो लागतोच. तो घटला की रक्त किंचित अल्कधर्मी होतं, त्यात मोकळं असलेलं कॅल्शियम कमी पडतं आणि मज्जातंतू उगाच चाळवतात. म्हणून ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं वळतात. श्वास पूर्ववत झाला की सगळं आपोआप सुटतं, मागे काही राहत नाही. गंमत अशी की 'श्वास पुरत नाही' असं ज्या क्षणी वाटतं, त्या क्षणी श्वास जास्त झालेला असतो. घरात कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर पडला असेल, तर अशा वेळी त्यात ९८-९९ दिसतं. म्हणजे डब्यातल्या बायकांनी जीव तोडून जे सांगितलं ते नेमकं उलटं होतं. त्यांचा दोष नाही, आपल्याकडे सगळेच तसं सांगतात. आणि कुणी कागदी पिशवीत श्वास घ्यायला सांगितलं तर ते करू नकोस. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर ती पिशवी महागात पडते.

धडधड, घाम, थरथर यांचं कारण वेगळं. फाटकाशी रूळ ओलांडताना अचानक फास्ट गाडीचा हॉर्न कानाशी वाजला, तर शरीर काय करेल? अॅड्रेनालिन हे धोक्याच्या वेळचं संप्रेरक रक्तात सोडेल, हृदय जोरात पळवेल, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळवेल, पोटाचं काम थांबवेल. दोन सेकंदांत तू पलीकडे उडी मारलेली असशील आणि मग हसत हसत शिव्या घालशील. त्या सकाळी तुझ्या शरीराने हीच सगळी तयारी केली. फक्त हॉर्न वाजला नव्हता, आणि उडी मारायला जागाही नव्हती. सगळीकडून दाबून उभी असलेली बाई एवढ्या अॅड्रेनालिनचं करणार काय? ते अंगातच फिरत राहतं, आणि डोकं त्याला कारण शोधतं. बाहेर वाघ नाही, आग नाही, मग नक्की हृदयच बंद पडत असणार. या विचाराने अॅड्रेनालिनचा दुसरा हप्ता सुटतो. डेव्हिड क्लार्क नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये पॅनिकचा हाच उलगडा मांडला: शरीरातल्या साध्या खळबळीचा माणूस भलताच अर्थ लावतो, आणि त्या अर्थाने खळबळ वाढते. आजही पॅनिकवरची थेरपी बरीचशी याच पायावर उभी आहे.

चक्कर येऊन पडेन याची भीतीही तुला असणार, पत्रात नसली तरी. पडायला रक्तदाब घसरावा लागतो. पॅनिकमध्ये तो उलट चढलेला असतो. गरगरतं, पाय कापसाचे होतात, पण माणूस सहसा कोसळत नाही.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. मला पहिला अटॅक आला तो एका मंगल कार्यालयात, चुलतबहिणीच्या लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना. मुठीत अक्षता होत्या. 'सावधान' म्हटल्यावर टाकायच्या, तर माझी मूठच उघडेना. घामाने अक्षता ओल्या होऊन तळव्याला चिकटल्या होत्या. कुंकवाचा लाल डाग तळव्यावर दिवसभर राहिला. मी मागच्या मागे जिन्यात जाऊन बसले आणि पुढची दोन वर्षं कुठल्याही लग्नाला फक्त जेवायला गेले. लोक म्हणायचे, किती बिझी असते ही! पुढे मी समुपदेशक झाले त्यामागे तो जिना आहे, असं मला कधीकधी वाटतं.

तुमच्या घरी 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' असंही कुणीतरी म्हणत असेल. होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांमध्ये जेकब दा कोस्टा या डॉक्टरला छातीत दुखणारे, धडधडणारे, दम लागणारे पण हृदय धडधाकट असलेले जवान भेटले, आणि १८७१ मध्ये त्याने त्या त्रासाला 'चिडखोर हृदय' असं नाव दिलं. आपल्याकडे नाव नव्हतं, पण वर्णन पुरेपूर होतं. काळजात धस्स होणं, पोटात गोळा येणं, दरदरून घाम फुटणं, घशाला कोरड पडणं, हातापायांतलं त्राण जाणं, जीव घाबराघुबरा होणं. डॉक्टरांच्या यादीत पॅनिक अटॅकची तेरा लक्षणं आहेत, त्यांतली चार एकदम आली तरी अटॅक धरतात. आजीच्या बोलण्यातून तेरापैकी निम्मी तरी निघतील.

तपासण्यांबद्दल थोडक्यात. ईसीजी आणि एको झालेत, ते छान. थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि साखर एकदा बघून घे, कारण थायरॉईड वाढलेला असला किंवा रक्त फार कमी असलं तरी अशीच धडधड होते. चहा किती होतो तेही मोज. ऑफिसातले पाच कप हे पाच छोटे धक्केच असतात. हे सगळं एकदा नीट झालं की पुन्हा पुन्हा ईसीजी काढायला धावू नकोस. अपवाद लिहून ठेव: चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब येऊन थांबल्यावर कमी होणं, दुखणं हातात किंवा जबड्यात उतरणं, खरोखर शुद्ध हरपणं, किंवा नेहमीच्या अटॅकपेक्षा वेगळंच काही होणं. यातलं काही झालं तर हा लेख बाजूला ठेवायचा आणि सरळ हॉस्पिटल गाठायचं.

आता मुद्द्याचं.

तुझ्या पत्रात अटॅक चारच आहेत. चारही मिळून दोन तासांपेक्षा जास्त झाले नसतील, कारण अटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरायला लागतो, रात्री झोपेतून आलेलासुद्धा. पण दोन तासांच्या त्रासाने तुझा पास गेला, मॉल गेला, दिरांची सकाळ गेली, आणि आता नोकरीवर येऊन बसलंय. एवढं नुकसान अटॅकने केलेलं नाही. ते केलं अटॅक टाळायच्या धडपडीने.

भाईंदरला तुला उतरवलं ना, तिथे डोक्याने एक हिशेब मांडला: उतरले म्हणून वाचले. तू अकाउंट्सची बाई आहेस, ही नोंद चुकीच्या खात्यात गेलीय हे तुझ्या लक्षात येईल. अटॅक कसाही उतरणारच होता. तू बसून राहिली असतीस, तर दहिसर-बोरिवलीपर्यंत तो निवळला असता आणि तू घामाघूम, वैतागलेली, पण ऑफिसला पोचली असतीस. मात्र ते बघायची संधी डोक्याला मिळालीच नाही. पुढे दर वेळी तू टाळलंस, सुटकेचा निश्वास टाकलास, आणि दर वेळी तीच चुकीची नोंद पक्की होत गेली.

टाळणं म्हणजे फक्त न जाणं असं समजू नकोस. पाण्याची बाटली घेतल्याशिवाय बाहेर न पडणं हे टाळणंच. दाराजवळच उभं राहणं, सारखी नाडी बघणं, दिरांना 'फोन चालू ठेवा' सांगणं, रस्त्यात हॉस्पिटलं कुठे कुठे आहेत ते पाठ असणं. (बाटली आणि हॉस्पिटलं तू लिहिलेली नाहीस. मी अंदाज केला. चुकला असेल तर कळव, मला नवल वाटेल.) या सगळ्यांनी त्या क्षणी बरं वाटतं आणि भीतीचं वय वाढतं.

यात पर्समधली गोळी पहिल्या नंबरवर. नाव तू लिहिलं नाहीस, वर्णनावरून ती अल्प्राझोलाम ही मन शांत करणारी गोळी किंवा तिच्या भावंडांपैकी असावी. तसं असेल तर केमिस्टने ती चिठ्ठीशिवाय द्यायलाच नको होती. अल्प्राझोलाम आपल्याकडे एच-वन यादीत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांत आहे, दुकानदाराला तिची वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते. हिची सवय लागते, डोस हळूहळू वाढवावासा वाटतो. आणि एक बारीक गोष्ट बघ. ती पोटात विरघळून रक्तात उतरायला अर्धा तास तरी लागतो, तोवर अटॅक आपला आपणच ओसरायला लागलेला असतो. गोळी घेतल्यावर पाच मिनिटांत तुला बरं वाटत असेल, तर ते काम गोळीचं नाही, पण श्रेय तिच्या नावावर जमा होतं. मात्र हे वाचून ती एकदम बंद करू नकोस. बरेच दिवस रोज घेत असशील तर अचानक थांबवल्याने त्रास उलटतो, क्वचित झटकेही येतात. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची.

डॉक्टर म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ. मी औषधं लिहून देत नाही, तो माझा अधिकार नाही, पण तुझ्या डोक्यातली एक भीती काढून टाकते. पॅनिकवर नेहमी जी औषधं देतात, एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन वगैरे, ती त्या अर्ध्या गोळीच्या जातीची नाहीत. त्यांची तलफ लागत नाही. ती रोज घ्यायची असतात, गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात बेचैनी थोडी वाढूही शकते. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून बायका चौथ्या दिवशी पाकीट कपाटात टाकतात. बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवतात आणि मग डॉक्टर उतरवत आणतात. दुसरं मूल वगैरे मनात असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांग. सगळ्यांना औषध लागतंच असं नाही. थेरपीनेच बरे होणारे पुष्कळ आहेत.

थेरपीचं नाव सीबीटी, म्हणजे विचार करायच्या आणि वागायच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी. थेरपिस्टला फोनवरच विचार: 'पॅनिकसाठी तुम्ही प्रत्यक्ष सराव करून घेता का?' नुसत्या बालपणाच्या गप्पा आणि डोळे मिटून समुद्रकिनारा आठवणं, एवढंच असेल तर दुसरीकडे जा. नीट चाललं तर दहा-बारा बैठकांत फरक दिसायला हवा. पैशांचा प्रश्न असेल तर केईएम तुझ्या ऑफिसपासून जवळ आहे, तिथे मानसोपचाराची ओपीडी आहे. रांग मोठी असते, डबा घेऊन जा. कुणाशी आजच बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. कधी जगूच नये असं मनात आलं, तर मात्र माझ्या पुढच्या उत्तराची वाट न बघता त्याच दिवशी घरच्यांना सांग आणि तिथे फोन लाव.

थेरपिस्ट मिळेपर्यंत घरी बसून राहायचं कारण नाही. वसईच्या माणसाला देवाने एक सोय करून दिलीय: थोड्या थोड्या अंतरावर स्टेशनं.

पहिल्या आठवड्यात दुपारच्या रिकाम्या गाडीने वसई ते नायगाव. मध्ये खाडी नाही. उतरायचं, उलटी गाडी पकडून परत यायचं. परतीचं तिकीट काढलंस की दहा रुपयांत काम होतं. हे रोज, आणि एका दुपारी दोनदा-तीनदा केलंस तर आणखी चांगलं. कधीपर्यंत? धीर येईपर्यंत नाही, कंटाळा येईपर्यंत. कंटाळा ही या कामातली पावती आहे. मग नायगाव ते भाईंदर, तीच तुझी खाडी, चार-पाच मिनिटांची. पहिल्यांदा नवरा शेजारच्या जनरल डब्यात असू दे. दुसऱ्यांदा तो भाईंदरच्या फलाटावर उभा राहू दे. तिसऱ्यांदा तो ऑफिसात असू दे. मग बोरिवलीपर्यंत. मग दाराजवळची जागा सोडून आत, दोन सीटांच्या मधल्या खाचेत उभं राहून. मग सकाळची गर्दीची गाडी, आणि शेवटी दादरला बदलून लोअर परळ. एखादी पायरी फारच उंच वाटली तर मध्ये आणखी एक घाल. पण ठरलेल्या स्टेशनाआधी उतरायचं नाही, एवढा एकच नियम मोडू नकोस. मोडलास तर त्याच आठवड्यात पुन्हा चढ.

आणि पुलावर तो आला तर? येईल, येऊ दे. तो यावा म्हणूनच तर आपण चाललोय. लेडीज डब्यात तिघींच्या सीटवर चौथी बाई येते तेव्हा तू काय करतेस? नाक मुरडतेस, पण सरकतेस. ती अर्धवट टेकते, तिची पिशवी तुझ्या गुडघ्याला लागत राहते, आणि तू आपला मोबाइल बघत बसतेस. या पाहुणीलाही तसंच सरकून जागा दे. 'जा इथून' म्हणून ढकलत बसलीस तर दोघींची झटापट होते आणि सगळा डबा बघतो. धडधड असू दे, मुंग्या असू देत. हात रिकामे ठेव, नाडी बघू नकोस, जप करू नकोस, पुलाचे खांब मोजू नकोस. श्वासाचं काही करायचंच असेल तर एकच: नाकाने साधा श्वास आत, चार मोजेपर्यंत, आणि सावकाश बाहेर, सहा मोजेपर्यंत. मोठा श्वास नाही. हा सराव घरी रोज दहा मिनिटं करायचा, कुकर लावल्यावर कर. मात्र गाडीत ती आणीबाणीची साखळी करू नकोस, नाहीतर तीही बाटलीच झाली.

एक छोटी वही ठेव. निघायच्या आधी लिही: काय होईल असं वाटतंय, आणि भीती दहापैकी किती. परत आल्यावर लिही: काय झालं. डावीकडे 'बेशुद्ध पडेन, दहापैकी नऊ' आणि उजवीकडे 'घाम आला, शेजारची मटार सोलत होती'. दोन आठवड्यांनी दोन्ही रकाने जुळवून बघ. जुळवणीचं काम तुला मी काय शिकवणार!

आणखी एक विचित्र वाटेल असं काम आहे. घरात चाकाची खुर्ची असेल तर मिनिटभर गोल फीर. जिना दोन मजले पळत चढ. शीतपेयाच्या नळीतून मिनिटभर श्वास घे. गरगरेल, धडधडेल, दम लागेल, म्हणजे अटॅकचीच सगळी लक्षणं, पण या वेळी तू मागवलेली. पाच-सहा वेळा केलंस की शरीराला कळतं की धडधड म्हणजे नुसती धडधड. दमा, फिट येणं किंवा गरोदरपण असेल तर हे करू नकोस, आणि तसं काही नसलं तरी डॉक्टरांना एकदा विचारून घे. लेकीला खुर्चीवर फिरायला बोलव, तिला यात काहीच गैर वाटणार नाही.

लेकीवरून आठवलं. तिने तुझा अटॅक पाहिला असेल तर 'काही नाही झालं' म्हणू नकोस, मुलांना ते पटत नाही. 'आईचं हृदय कधीकधी उगाच पळायला लागतं, मग दमून थांबतं' एवढं पुरे. नवऱ्याला हे पत्र वाचायला दे. 'विचार फार करतेस' हे त्याचं म्हणणं खोटं नाही, पण त्याचा उपयोग शून्य आहे. त्याने इतकंच म्हणायचं: 'हे उतरेल, मी आहे, आपण गाडीतून उतरायचं नाही.'

आणि सासूबाईंना दृष्ट काढू दे. मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेऊन एक म्हातारी बाई दर शनिवारी तुझ्यावरून हात फिरवते, यात भांडण्यासारखं मला काही दिसत नाही. फक्त एखाद्या शनिवारी त्या गावाला गेल्या आणि तुला सोमवारची धास्ती वाटायला लागली, तर समज की मोहऱ्यांचीही बाटली झाली.

ऑफिसचं राहिलं. एका महिन्यात एवढं सगळं होईल का? कदाचित होईल, कदाचित दोन महिने लागतील. म्हणून आजच डॉक्टरांची वेळ घे, त्यांच्याकडून पत्र घे आणि साहेबांकडे सहा आठवड्यांची सवलत माग: आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, आणि येण्याची वेळ अकराची, गर्दी ओसरल्यावर. 'घाबरते' असं सांगू नकोस, 'पॅनिक डिसॉर्डरवर उपचार चालू आहेत' असं सांग. आजाराला नाव असलं की एचआरला फाईल उघडता येते. दिरांची गाडी मात्र या महिन्यात हळूहळू बंद कर. त्यांना वाईट वाटणार नाही, घोडबंदर नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये सकाळ घालवायला कुणाला आवडतं?

मधे एखादा आठवडा वाईट जाईल. सगळं सुरळीत चालू असताना अचानक दहिसरला जोराचा अटॅक येईल आणि वाटेल, झालं, पुन्हा पहिल्यापासून. वहीत लिही आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी पकड. माझं म्हणशील तर गेल्या डिसेंबरात एका लग्नात मंगलाष्टकांना पुन्हा हातपाय गार पडले होते. मी उभीच राहिले. अक्षता टाकल्या, त्या नवरीऐवजी फोटोग्राफरच्या डोक्यावर पडल्या.

मंगळवारी दुपारी नायगावला जाऊन ये आणि वहीतले दोन्ही रकाने मला पाठव.

– तुझी ताई

ता. क. निघाल्यावर जिन्यात आठवलं की पाण्याची बाटली वरच राहिली, तर परत वर जाऊ नकोस.